कॅन्सरमधून बरं होऊन घरी आलेलं मूल

(बचत गटांच्या ताईंसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

नामपूर आणि मोसम खोऱ्यातल्या सगळ्या गटांच्या ताईंना, आणि रेडिओ लावून चाळीत कांदा निवडत बसलेल्या सगळ्यांना रामराम. आजचा विषय ऐकायला जड वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यात आपल्या हातात असलेलं काम बरंच आहे.

विषय आहे लहानपणी कॅन्सर होऊन बरी झालेली मुलं. उपचार संपले, डॉक्टरांनी घरी जा म्हणून सांगितलं, आईबाप मुलाला घेऊन गावी आले. त्यानंतर त्या मुलाचं काय होतं? त्याच्या मनाचं, शाळेचं, मित्रांचं, पुढे लग्नाचं काय होतं? याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

आधी हे समजून घेऊ की मुलं बरी होतात

कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तंबाखू खाणारा वयस्कर माणूस येतो, आणि पाठोपाठ शेवटच येतो. लहान मुलांचा कॅन्सर वेगळा असतो. तो मुलाच्या कुठल्या व्यसनाने किंवा चुकीने होत नाही, आईच्या खाण्यापिण्याने होत नाही, नजर लागून तर नाहीच नाही. बहुतेक मुलांमध्ये तो का झाला याचं नेमकं कारण सापडत नाही. थोड्या मुलांमध्येच, साधारण १०० पैकी १० जणांत, त्यामागे जन्मापासूनचा आनुवंशिक दोष असतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना, म्हणजे जन्मापासून १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना, कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली १०० पैकी ८० पेक्षा जास्त बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा आकडा ३० पेक्षाही खाली जातो. आजार तोच, औषधंही बरीचशी तीच. फरक पडतो तो निदान उशिरा झाल्याने, उपचार परवडत नसल्याने आणि अर्धवट सोडल्याने. म्हणून २०१८ साली या संघटनेने ठरवलं की २०३० पर्यंत जगात निदान ६० टक्के मुलं तरी बरी झाली पाहिजेत.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. ते १९४१ साली सुरू झालं. आपल्याकडे 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. नाशिकमध्येही आता कॅन्सरचे उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून अंगीकृत रुग्णालयात मदत मिळते, तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. यामुळे बरी होऊन परत येणारी मुलं वाढत आहेत. एखादं मूल आपल्याच गल्लीत असेल, आपल्याच गटातल्या ताईचं असेल.

घरी आलेलं मूल पहिल्यासारखं का नसतं?

लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने जोराची औषधं, म्हणजे आपण ज्याला किमो म्हणतो ती. पाठीच्या मणक्यातून सुई. पुन्हा पुन्हा रक्त तपासणी. नंतर बराच काळ गोळ्या. काही मुलांना शेक द्यावा लागतो, ज्याला कोणी 'लाईट' म्हणतात. हाडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन होतं, कधी पाय काढावा लागतो. डोळ्याच्या कॅन्सरमध्ये कधी डोळा जातो.

आता विचार करा. पाच वर्षांचं पोर मुंबईला गेलं आणि आठव्या वर्षी परत आलं. मधल्या काळात त्याच्या वयाची मुलं वाचायला शिकली, सायकल शिकली, विहिरीत पोहायला शिकली. याने काय शिकलं? कुठल्या हाताची शीर लवकर सापडते, उलटी येण्याआधी तोंडाची चव कशी बदलते. शेजारच्या खाटेवरचं मूल एके दिवशी दिसेनासं झालं, आणि ते कुठे गेलं हे कोणीच सांगितलं नाही, हेही याने पाहिलं.

असं मूल घरी येतं तेव्हा त्याचा चेहरा औषधांनी सुजलेला असतो, केस नुकते उगवत असतात, अंगात ताकद कमी असते. चेहऱ्याची सूज उतरते आणि केस पुन्हा येतात. पण जे मनात साठलं आहे ते केसांसारखं आपोआप जागेवर येईलच असं नाही.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी 'श्वास' सिनेमा टीव्हीवर पाहिला असेल. २००४ साली आला, संदीप सावंत यांनी केला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. कोकणातले आजोबा नातवाला शहरात घेऊन येतात, नातवाच्या डोळ्यांत कॅन्सर निघतो, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशनआधी त्या मुलाला खरं सांगायचं की नाही आणि ते कोणी सांगायचं, यावर तो सगळा सिनेमा उभा आहे. मुलगा गावी परततो आणि सिनेमा संपतो. आपलं आजचं बोलणं त्याच्या पुढचं आहे. परतलेल्या मुलाने आता त्या गावात जगायचं कसं?

मुलाच्या मनात काय चालतं

वयाप्रमाणे हे बदलतं.

अगदी लहान मूल बोलून दाखवत नाही. ते आईला सोडत नाही, रात्री दचकून उठतं, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, पांढरा कोट दिसला की किंचाळतं. आपण म्हणतो लाडावलं आहे. खरं तर ते घाबरलेलं असतं.

शाळेच्या वयाच्या मुलाला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळं पडणं. 'टकल्या' म्हणून हाक मारली, खेळात घेतलं नाही, बाईंनी पहिल्या बाकावर एकट्याला बसवलं, हे त्याला सुईपेक्षा जास्त लागतं. ज्या मुलांच्या डोक्याला शेक दिला आहे किंवा मणक्यातून औषधं दिली आहेत, त्यांच्यातल्या काहींना अभ्यासात लक्ष ठेवायला, आठवायला, भराभर लिहायला जड जातं. हा उपचारांचा परिणाम असतो. त्याला आळशी किंवा ढ म्हणू नका. वेळ जास्त दिला, थोडं थोडं शिकवलं, तर तेही पुढे जातं.

तेरा-चौदाच्या पुढची मुलं वेगळाच विचार करतात. मी दिसते कशी? पाळी वेळेवर येईल ना? मला नोकरी मिळेल का? माझ्याशी लग्न कोण करील? आणि सगळ्यात खोल, कोणाला न सांगितलेली भीती म्हणजे तो आजार परत आला तर? तपासणीची तारीख जवळ आली की पोट दुखतं, झोप उडते, चिडचिड होते. तारखेच्या आधीच्या आठवड्यात असं होणं स्वाभाविक आहे. आईलाही तेच होत असतं.

ऐकणाऱ्या आयांनी घाबरून जाऊ नये. बरी झालेली बहुतेक मुलं चांगली सावरतात, शिकतात, कमावतात, संसार करतात. काही तर आपल्या वयापेक्षा समजूतदार होतात, दुसऱ्याचं दुःख त्यांना पटकन कळतं. पण काहींना मदत लागते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मूल गप्प गप्प असेल, खेळणं आणि खाणं सोडलं असेल, शाळेला जायला अजिबात तयार नसेल, 'मी जगून काय उपयोग' असं काही बोललं असेल, तर थांबू नका. टेली मानस नावाची सरकारी सेवा आहे. नंबर आहे १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. एक, चार, चार, एक, सहा. लिहून ठेवा. आणि मुलाने जीव देण्याची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आई, बाप आणि मागे राहिलेलं भावंडं

आजारी मूल एक असतं, पण आजारपण सगळं घर काढतं.

आई दोन-तीन वर्षं मुंबईला असते. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलेलं असतं, कोणी सेंट ज्यूड या संस्थेच्या केंद्रात, तर कोणी सुरुवातीचे काही दिवस हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवरही. तिथे तिला तिच्यासारख्याच दहा आया भेटतात. एकमेकींच्या रडण्याला खांदा असतो. गावी परतल्यावर तो खांदा जातो. इथे सगळ्या म्हणतात, 'पोऱ्या बरा व्हयना ना, मग आते कसानी चिंता?' आणि ती गप्प बसते. पुष्कळ आया उपचार चालू असताना खंबीर असतात आणि सगळं संपल्यावर कोसळतात. मुलाला जरा ताप आला की हातपाय थरथरतात, रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे का बघतात. तिला कमजोर समजू नका. इतके दिवस दाबून ठेवलेलं आता वर येत असतं.

बाप बोलत नाही. त्याच्या डोक्यात कर्ज असतं. उपचार योजनेत बसले तरी मुंबईचं येणं-जाणं, राहणं, बाहेरची औषधं आणि बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसत नाही. कोणाची जमीन गहाण पडते, कोणाचे बैल जातात.

आणि भावंडं. त्यांना आजोळी ठेवलेलं असतं. दोन वर्षं आई दिसत नाही. आई परत आली तर तिचं सगळं लक्ष त्या एकाकडे. दूध त्याला, फळ त्याला, मार मात्र आपल्याला. मग त्या लहान जिवाला वाटतं की मीही आजारी पडायला हवं होतं. किंवा असंही वाटतं की मी भांडलो तेव्हा 'मर' म्हणालो होतो, म्हणून त्याला हे झालं. त्या मुलाला जवळ घेऊन सांगावं लागतं की बाळा, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. दिवसातली पंधरा मिनिटं फक्त त्याची म्हणून ठेवा.

आणखी एक. बरं झालेल्या मुलाला आपण काचेच्या भांड्यासारखं जपतो. शेतात नको, उन्हात नको, सायकल नको, रागवायचं तर नाहीच. यामुळे मुलाला कळतं ते एवढंच की मी अजून आजारी आहे. डॉक्टरांना विचारा काय चालेल, काय नाही. जे चालेल म्हणतील ते सगळं करू द्या. घरातली कामं सांगा, चुकलं तर बोला. नेहमीसारखं वागवणं हे त्याच्यासाठी औषधच आहे.

गावाने काय विसरायला हवं

हा आजार लागट नाही. एका ताटात जेवून, एका बाकावर बसून, एकमेकांचे कपडे घालून तो लागत नाही. तरी कित्येक घरी त्या मुलाचा पेला वेगळा असतो, नातेवाईक आपली मुलं त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत. उपचार चालू असताना डॉक्टर त्या मुलाला गर्दीपासून लांब ठेवायला सांगतात ते त्याला दुसऱ्यांकडून जंतू लागू नयेत म्हणून. त्याच्यापासून आपल्याला धोका म्हणून कधीच नाही. लोकांनी नेमका याचा उलटा अर्थ घेतला आहे.

बोलण्यातही जपायला हवं. 'कुणाचं पाप याला फेडावं लागलं', 'आता किती दिवसांचा आहे', 'एवढा खर्च केला, पोरगी तर होती' ही वाक्यं आपल्याच बायकांच्या तोंडून ऐकली आहेत. ती मुलाच्या कानावर पडतात. त्याऐवजी साधं बोला. 'आलास का, बरं झालं. उद्या आमच्या पोरांबरोबर खेळायला ये.' आईला 'काय झालं होतं, सगळं सांग' असं खोदून विचारू नका. 'आज तुझ्या घरचं पाणी मी भरते' म्हणा. ती बोलायची तेव्हा बोलेल.

शाळेचं सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला, मधली वर्षं बुडाली असली तरी, त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष शिकवणी मिळण्याचा हक्क आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल शाळेत जाण्याआधी आईने आणि गटातल्या एखादीने मुख्याध्यापकांना भेटावं. चार गोष्टी सांगाव्यात: आजार लागट नाही, तपासणीसाठी रजा लागेल, दम लागला तर बसू द्या, आणि वर्गातल्या मुलांना बाईंनी आधीच समजावून सांगावं. मुलं समजून घेतात. मोठ्यांना जास्त वेळ लागतो.

सांगायचं की लपवायचं?

हा सगळ्यात कठीण प्रश्न. गटांच्या बैठकीत यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. लपवणाऱ्या आया काही वाईट नसतात. त्यांना भीती असते की पोराला नाव पडेल, पोरीचं लग्न होणार नाही. पण लपवण्याची किंमत काय, तेही पाहू.

पहिलं म्हणजे मुलालाच न सांगणं. 'तुला रक्त कमी होतं' असं सांगून वर्षं काढलेली घरं आहेत. मूल दहा-बारा वर्षांचं झालं की फाईलवरचं नाव वाचतं, मोबाईलवर शोधतं, आणि नको ते वाचून एकटंच घाबरतं. आपल्या लोकांनी आपल्याशी खोटं बोललं हे दुःख वेगळंच. म्हणून वयाला झेपेल तसं सांगत जा. लहानाला म्हणा, 'तुझ्या रक्तात खराब पेशी झाल्या होत्या, औषधांनी त्या गेल्या, आता आपण फक्त बघायला जातो.' मोठ्याला आजाराचं नाव, दिलेली औषधं, पुढे काय जपायचं ते सगळं सांगा. कसं सांगायचं ते जमत नसेल तर डॉक्टरांना किंवा हॉस्पिटलातल्या समाजसेविकेला सोबत घ्या.

दुसरं, लपवण्यापायी तपासणी बंद होते. गावाला कळू नये म्हणून मुंबईची फेरी टाळली जाते, फाईल माळ्यावर जाते, कधी जाळूनही टाकतात. यात मोठा धोका आहे. काही औषधांचा परिणाम हृदयावर, काहींचा कानावर, शेकाचा परिणाम उंचीवर किंवा थायरॉईडवर बऱ्याच वर्षांनी दिसू शकतो. सगळ्यांना होतो असं नाही, पण वेळेत कळलं तर उपाय करता येतो. पुढे बाळंतपणाच्या वेळी सुद्धा डॉक्टरला हे माहीत असावं लागतं. ती फाईल सातबाऱ्यासारखी सांभाळा. कोणती औषधं किती दिली, शेक कुठे दिला याचा एका पानाचा गोषवारा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स काढून ठेवा.

टाटा हॉस्पिटलमध्ये १९९१ सालापासून बऱ्या झालेल्या मुलांसाठी खास दवाखाना चालतो. त्याला ॲक्ट क्लिनिक म्हणतात. उपचार पूर्ण झालेली मुलं तिथे मोठी होईपर्यंत आणि पुढेही येत राहतात. शरीराबरोबर अभ्यास, मन, नोकरी, लग्न यांचीही विचारपूस होते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या मदतीने २००९ मध्ये 'उगम' हा गट सुरू झाला. त्यात लहानपणी कॅन्सर झालेली आणि आता मोठी झालेली मुलंमुलीच आहेत. ते आजारी मुलांच्या आईबापांना भेटतात. डॉक्टरने शंभर वेळा सांगितलं तरी जे पटत नाही, ते समोर उभा असलेला नोकरी करणारा, लग्न झालेला तरुण 'मलाही हेच झालं होतं' म्हणाला की एका क्षणात पटतं. आपला बचत गट काय करतो? हेच की. एकीचं बघून दुसरीला बळ येतं.

तपासणीच्या प्रवासाचंही सांगते. आपल्याला मालेगाव, मनमाड करून पंचवटी एक्स्प्रेस धरावी लागते. कॅन्सरच्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला रेल्वे तिकिटात मोठी सवलत आहे, आणि ती ठरलेल्या तपासणीसाठीसुद्धा मिळते. हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. पुष्कळांना वाटतं की उपचार संपले म्हणजे सवलत संपली. तसं नाही, पुढच्या वेळी दाखला मागून घ्या. पाय गेला असेल, दृष्टी गेली असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकतं का, हे जिल्हा रुग्णालयात विचारा.

पोरीचं काय?

हे बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई इथल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर कॅन्सरच्या उपचारासाठी मुलांपेक्षा मुली बऱ्याच कमी येतात. आजार काही मुलींना इतका कमी होत नाही. त्या घरीच राहतात. जी मुलगी तिथपर्यंत पोहोचली आणि बरी झाली, तिला गावी आल्यावर दुसरी परीक्षा द्यावी लागते. 'कोणाला कळायच्या आत उरकून टाका' म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षीच स्थळं बघायला लागतात. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, हे तर आहेच. पण एवढ्या झगड्यातून वाचवलेल्या पोरीला आपण फसवणुकीच्या संसारात ढकलतो, तेही बघा. लग्नानंतर कळलं तर तिला माहेरी आणून सोडतात, आणि दोष तिचाच ठरतो.

माझं मत असं. तिला शिकू द्या, स्वतःच्या पायावर उभी राहू द्या. लग्नाचं बोलणं पक्कं होण्याआधी, तिच्या मर्जीने, दोन्ही घरांनी बसून स्पष्ट बोलावं, आणि डॉक्टरांचा कागद समोर ठेवावा. जे स्थळ त्यावरून मोडेल ते आधीच मोडलेलं बरं. मूल होण्याबद्दल सगळ्यांना शंका असते. काही औषधांनी आणि पोटाला दिलेल्या शेकाने अडचण येऊ शकते, पण लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या कित्येक जणींना निरोगी मुलं झाली आहेत. आईला किंवा वडिलांना लहानपणी कॅन्सर झाला म्हणून मुलाला होतोच असं नाही. डोळ्याच्या कॅन्सरसारखे काही आनुवंशिक प्रकार अपवाद आहेत. त्यात बाळाचे डोळे जन्मल्यापासून तपासावे लागतात. मुलीने किंवा मुलाने लग्नाआधी डॉक्टरांना हे मोकळेपणाने विचारावं.

आपला गट काय करू शकतो

एक. गटात अशी आई असेल तर तिच्या हप्त्याचा आणि हजेरीचा तगादा लावू नका. ती परत आली की तिला पहिल्याच बैठकीत तिच्या जुन्या जागेवर बसवा.

दोन. तपासणीच्या फेरीसाठी अंतर्गत कर्जातून छोटी रक्कम ताबडतोब द्या, जमलं तर बिनव्याजी. उमेदच्या ग्रामसंघाकडे अडचणीतल्या कुटुंबासाठी व्हीआरएफचा निधी असतो. ठराव करून अर्ज द्या. सावकाराकडे जायची वेळ येऊ देऊ नका.

तीन. आई मुंबईला गेली की मागच्या भावंडांची पाळी लावा. एकीने डबा, एकीने अभ्यास, एकीने शाळेची मीटिंग.

चार. तपासणीच्या तारखा गटाच्या वहीत लिहा, पण वही सगळ्यांपुढे वाचू नका. घरची परवानगी नसेल तर आजाराचं नावही लिहू नका. गुपित राखणं हे आपलं पहिलं काम.

पाच. हळदीकुंकवाला त्या आईला, आखाजीच्या झोक्यावर त्या मुलीला, वाढदिवसाला त्या मुलाला आवर्जून बोलवा. लांबून दया दाखवू नका.

सहा. मुलाला वारंवार येणारा ताप, अंगावर निळे डाग, न दुखणारी वाढत जाणारी गाठ, डोळ्यात पांढरी चमक, हाडात रात्री उठवणारं दुखणं, सकाळची उलटी आणि डोकेदुखी असं दिसलं तर आशाताईला सांगा आणि मोठ्या दवाखान्यात पाठवा. प्रत्येक वेळी कॅन्सर असतो असं नाही. पण लवकर सापडला तर बरं होण्याची आशा मोठी असते, आणि मुलगी असली तरी तितक्याच घाईने पाठवा.

मैत्रिणींनो, डॉक्टर आपलं काम दोन-तीन वर्षांत करतात. त्यापुढची पन्नास-साठ वर्षं ते मूल आपल्यात काढणार असतं. ती कशी जातील हे शाळेच्या बाकावर, ओट्यावरच्या गप्पांत आणि आपल्या बैठकीत ठरतं. या महिन्याच्या बैठकीत वहीतले हिशोब झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. कोणाचं नाव घेऊ नका. एवढंच विचारा की अशा घराला आपण काय देऊ शकतो. जे ठरेल ते दुसऱ्या दिवशीपासून सुरू करा.

टेली मानसचा नंबर पुन्हा सांगते, १४४१६.